उणे 15 अंशांतला स्टोव्ह

लडाखमधला हिवाळी मुक्काम. उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास, तंबूबाहेर पारा उणे 15 च्या खाली. स्टोव्हचा पंप मी पन्नासेक वेळा तरी मारला असेल. दांडा सरसर आत-बाहेर होत होता, हाताला जोर म्हणून लागत नव्हता. म्हणजे टाकीत हवा जातच नव्हती. पंप उघडला तेव्हा दांड्याच्या टोकाचं चामड्याचं वायसर पांढरट आणि कडक झालेलं दिसलं. निघण्याआधी पुण्यात मीच त्याला तेल लावलं होतं. आजीच्या स्वयंपाकघरातली रीत तीच होती: वायसर सुकलं की त्याला खोबरेल लावायचं आणि बोटांनी कडा जरा फाकवायच्या. पण खोबरेल 24 अंशांखालीच थिजायला लागतं, पुण्याच्या डिसेंबरातही ते बाटलीतून बाहेर येत नाही. इथं तर त्याचं पार मेण झालं होतं. वायसर काखेत धरून मऊ केलं, तेल पुसून काढलं, रॉकेलमध्ये बुडवून परत बसवलं, तेव्हा कुठे चहाला आधण ठेवता आलं. तेव्हापासून मी वायसरला सिलिकॉनचं तेल लावतो, ते कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतं.

हा पितळी स्टोव्ह आपल्याला नवा नाही. स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं 1892 च्या सुमारास जो बिनवातीचा, बिनधुराचा ‘प्रायमस’ बाजारात आणला, त्याचीच भावंडं आपल्या घराघरांत पोचली. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तो याच जातीचा स्टोव्ह घेऊन. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत आज जो घडीचा, वेगळ्या बाटलीचा स्टोव्ह असतो, तोही आतून तोच आहे. त्यामुळे एकाची चाल नीट कळली की दुसऱ्याची कळते.

द्रवरूप इंधन तसंच्या तसं जळत नाही. आधी त्याची वाफ व्हावी लागते आणि ती वाफ हवेत मिसळून जळते. स्टोव्हमध्ये यासाठी दोन वेगळ्या सोयी आहेत. इंधन वर ढकलायचं काम पंपानं कोंडलेली हवा करते. वाफ करायचं काम बर्नर करतो. इंधनाची नळी ज्योतीच्या शेजारून गेलेली असते, ती तापलेली असते, आत आलेलं रॉकेल तिथंच वाफ होऊन निपलच्या बारीक छिद्रातून सुसाट बाहेर पडतं. दाब तुमच्या हातानं आणि उष्णता ज्योतीनं पुरवलेली, त्यामुळे बाहेर किती थंडी आहे याच्याशी टाकीतल्या इंधनाला फारसं देणंघेणं उरत नाही.

गॅसच्या छोट्या नळकांड्याची गोष्ट उलटी आहे. तिथं दाब गॅस स्वतःच तयार करतो, म्हणजे आतला द्रव उकळला तरच. ब्युटेन उकळतं उणे अर्ध्या अंशाला, आयसोब्युटेन साधारण उणे 12 ला, प्रोपेन उणे 42 ला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून हे आकडे आणखी थोडे खाली सरकतात, तेवढाच दिलासा. पण मिश्रणातलं प्रोपेन आधी निघून जातं, उकळताना नळकांडं स्वतःच गार होत जातं, आणि निम्मा गॅस आत असताना ज्योत मलूल होते. उन्हाळी ट्रेकला गॅससारखी सोय नाही, हे मी मोकळेपणानं सांगतो. कुठे वाहतं पाणी नाही अशा हिवाळी मुक्कामावर मात्र मी त्याच्या भरवशावर कुणाला पाठवणार नाही.

कारण तिथं स्टोव्हचं खरं काम स्वयंपाक नव्हे, पाणी तयार करणं असतं. एक किलो बर्फाचं शून्य अंशावरच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे 80 अंशांपर्यंत तापलं असतं. साडेचार हजार मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे निम्मं इंधन नुसतं वितळवण्यात जातं. बर्फ वितळवून प्यायचं असेल तर माणशी दिवसाला पाव लिटर इंधन धरावं आणि वर एक जास्तीचा दिवस. ताजा भुसभुशीत बर्फ भांडंभर घेतला तर तळाशी बोटभर पाणी निघतं, म्हणून शक्य तिथे टणक बर्फाचे तुकडे फोडून आणावेत. आणि रिकाम्या भांड्यात बर्फ टाकून आच लावू नये. तळचा थर वितळून वरच्या कोरड्या बर्फात शोषला जातो, तळ कोरडा तापतो, आणि त्या पाण्याला करपट चव येते. आधी दोन पेले पाणी तळाशी असावं, मग बर्फ थोडा थोडा घालावा.

या पाण्याचं मोल काय ते एव्हरेस्टनं दाखवलंय. 1952 च्या मे महिन्यात स्विस मोहिमेतले रेमंड लांबेर आणि तेनसिंग यांनी सुमारे 8,400 मीटरवर एक रात्र काढली. जवळ स्टोव्ह नव्हता. डब्यात बर्फ घालून तो मेणबत्तीवर वितळवत, घोट घोट पाण्यावर त्यांनी सकाळ गाठली. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञानं भरपूर पाणी पिण्याचा आग्रह धरला, आणि पाणी म्हणजे स्टोव्ह आणि इंधन. 28 मे 1953 च्या रात्री शेवटच्या तळावर तेनसिंग आणि हिलरी यांच्याकडे स्टोव्ह होता. सकाळी हिलरीचे बूट गोठून लाकूड झाले होते, तेही त्यानं त्याच आचेवर नरम केले.

आता इंधन कोणतं. परदेशी पुस्तकांत ज्या शुद्ध पांढऱ्या पेट्रोलची शिफारस असते ते आपल्याकडे सहसा मिळत नाही, तेव्हा निवड रॉकेल आणि पंपावरचं पेट्रोल यांच्यात उरते. पेट्रोल उणे 40 लाही भडकण्याइतकी वाफ देतं, म्हणून चटकन पेटतं, आणि त्याच कारणानं धोक्याचंही असतं. शिवाय आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, रबरी सीलही लवकर खराब करतं. रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला 35 अंशांहून जास्त तापमान लागतं. थंडीत सांडलं तर काडी लावूनही सहज पेटत नाही. पेटवायला कष्ट पडतात, वास येतो, भांडं काळं होतं. तरी तंबूच्या दारात सहा जणांचा स्वयंपाक करायचा तर मी रॉकेलच निवडतो. डिझेल काही स्टोव्ह जाळतात, पण थंडीत त्यातलं मेण साकळतं. लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल 2019 मध्ये आणावं लागलं ते यासाठीच. प्रत्येक इंधनाचं निपल वेगळं असतं, रॉकेलचं छिद्र जास्त बारीक. दोन्ही निपलं आणि छिद्र साफ करायची पिन जवळ ठेवावी.

इंधन विमानात चालत नाही, रेल्वेतही ज्वलनशील पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणून लेह किंवा मनालीसारख्या शेवटच्या मोठ्या गावातच घ्यावं लागतं. घेतलं की रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ तेवढं कापडातून गाळून घ्यावं, तळ सोडून द्यावा. तळाशी पाण्याचे थेंब असतात. पुण्यात त्यानं ज्योत फक्त फडफडेल, इथं तेच थेंब नळीत गोठून स्टोव्ह बंद पाडतात.

पेटवण्याचा विधी सावकाश करायचा. बाटली पाऊणच भरायची, वरच्या जागेत हवा कोंडायची असते. स्टोव्ह थेट बर्फावर ठेवला तर तो वितळवत खाली रुततो, तेव्हा खाली प्लायवूडचा तुकडा हवा. वीस-पंचवीस पंप मारायचे. मग बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट. जुन्या घरांत तारेला चिंधी गुंडाळलेला काकडा स्पिरिटमध्ये बुडवून नळीला लावत, तेच हे. पण उणे 15 मध्ये स्पिरिटही काडीला दाद देत नाही, कारण त्याची वाफ पेटायलाही 13-14 अंश लागतात. म्हणून स्पिरिटची छोटी बाटली आणि काडेपेटी जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवायची. लायटरमध्येही ब्युटेनच असतं, त्याच्यावर विसंबू नये.

स्पिरिटची निळसर ज्योत बर्नरला वेढते. ती पूर्ण होऊ द्यायची. घाई करून चावी उघडली तर नळी पुरती तापलेली नसते, इंधन वाफ न होता पातळच बाहेर येतं, आणि हातभर पिवळा भडका उठतो. थंडीत मी एका वाटीवर थांबत नाही. ती विझली, बर्नर थोडा निवला की दुसरी भरतो. पेटत्या वाटीत स्पिरिट ओतायचं नाही, कधीच. दुसरी वाटी विझत आली की चावी अगदी थोडी उघडायची. आधी थुंकल्यासारखा फसफस आवाज, पिवळ्या जिभा, मग एकाएकी ज्योत आखूड होते, निळी होते आणि स्टोव्ह घोंगावायला लागतो. तो आवाज ऐकला की तंबूतल्या सगळ्यांच्या जिवात जीव येतो.

वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लागतोच, फक्त तो बर्नर आणि बाटली यांच्या मधून जावा. पितळी स्टोव्हची टाकी बर्नरखालीच असते, त्याला चहूकडून आडोसा केला तर टाकी तापून दाब वाढतो. आणि हातमोजे घालूनच इंधन ओता. उणे 20 चं पेट्रोल द्रवच राहतं, बोटांवर सांडलं की उडता उडता कातडीतली ऊब खेचून घेतं आणि हिमदंश करतं.

बंद तंबूत स्टोव्ह लावू नका, ही विनंती मी हात जोडून करतो. विरळ हवेत ज्वलन अपुरं होतं, कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं ही त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असल्यानं माणूस चुकीचा अर्थ लावतो आणि आत पडून राहतो. दाराशी, दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवून पेटवा.

झोपण्याआधी शेवटचं भांडं उकळेपर्यंत स्टोव्ह विझवण्याची घाई करू नये. उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून त्या मोज्यात घालून झोपायच्या पिशवीत घ्याव्यात. पहाटेला बर्फ वितळवताना तळाशी लागणारे दोन पेले पाणी तिथूनच मिळतं.