चकाकीचे गणित : पॉलिश कोणते, मेण कोणते?

नवी मोटार दारात येते त्या दिवशी तिला ओवाळले जाते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते आणि चाकांखाली लिंबे ठेवली जातात. पुढे हप्ते फिटेपर्यंत, आणि त्यानंतरही, साऱ्या कुटुंबाचा जीव त्या वाहनात गुंतलेला असतो. इंजिनाची चिंता गॅरेजवर सोपवता येते. रंगाची निगा मात्र बहुधा घरच्या मंडळींकडेच राहते. रविवारची सकाळ, पाण्याची बादली, जुने फडके आणि दुकानातून आणलेली पॉलिशची बाटली, एवढ्या सामग्रीवर ही सेवा सुरू होते. हा उत्साह कौतुकास्पद खराच. परंतु बाटलीत काय आहे हे जाणून न घेता केलेली सेवा रंगाच्या मुळावर येऊ शकते.

पॉलिश आणि मेण, म्हणजेच वॅक्स, हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः दोहोंची कामे परस्परविरुद्ध आहेत. पॉलिश रंगाचा अत्यंत पातळ थर घासून काढते. मेण रंगावर एक थर चढवते. एवढा भेद मनात पक्का झाला, तर निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

रंगाची शिल्लक

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. हे सारे थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चकाकी याच थराची असते आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही हाच थर करतो.

बँकेच्या परिभाषेत बोलायचे तर क्लिअर कोट ही कारखान्यातून एकदाच मिळालेली ठेव आहे. प्रत्येक पॉलिश म्हणजे या ठेवीतून केलेली उचल. तीत पुन्हा भरणा करण्याची सोय नाही. ठेव संपत आली की टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे उमटतात, पापुद्रे सुटू लागतात. मग कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग नव्याने रंगवावाच लागतो. वापरातून होणारी अशी झीज मोटार विम्यातही बसत नाही.

मग घासून चमकवण्याची सवय आली कुठून? १९२० च्या दशकात अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज लॅकरचा ‘ड्युको’ हा रंग मोटारींसाठी आला. आपल्याकडील रंगारी आजही ‘ड्युको पेंट’ म्हणतात, ते त्याच नावावरून. तो रंग घासल्याखेरीज झळकत नसे. पुढे काळ बदलला, रंगाचे रसायन बदलले. घासण्याची सवय मात्र मागे उरली.

पॉलिश केव्हा, कोणते?

पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे सूक्ष्म खरखरीत कण असतात. कण जाड असतील त्या पदार्थाला रबिंग कंपाउंड म्हणतात. ते घरी वापरण्याची वस्तू नव्हे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उन्हात दिसत असतील, किंवा तकाकी मंदावली असेल, तरच बारीक कणांचे पॉलिश घ्यावे. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर ओरखडा खोल आहे. तो घासून घालवण्याचा हट्ट धरू नये. आधी लहानशा भागावर सर्वांत सौम्य पॉलिश लावून पाहावे आणि तेवढ्याने काम भागले तर तेथेच थांबावे.

जुन्या मोटारींच्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसे. अशा गाडीला पॉलिश करताना फडक्याला रंग लागणे स्वाभाविक आहे. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग फडक्यावर उतरू लागला, तर मात्र हात तत्काळ आवरावा. ज्यांच्या गाडीचा रंग मुळातच मॅट आहे, त्यांनी पॉलिशच्या वाटेला जाऊच नये. घासलेला भाग चकचकीत होऊन कायमचा डाग दिसतो.

मेणांची पारख

मेणांमध्ये कार्नौबाचा मान मोठा. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर हे मेण साठते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नौबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत टिकते. वैशाख वणव्यात नागपूर किंवा जयपूरच्या उन्हात उभ्या राहिलेल्या काळ्या गाडीचा पत्रा किती तापतो हे आठवले, की या आकड्यांचे महत्त्व पटते. कार्नौबाची झळाळी उबदार दिसते. तिचे आयुष्य मात्र काही आठवड्यांपासून दोनेक महिन्यांपर्यंतच असते.

कृत्रिम पॉलिमरपासून बनवलेले सीलंट त्याहून टिकाऊ, साधारण चार ते सहा महिने चालते. मुंबई, कोकण, गोवा वा चेन्नईची खारी हवा आणि मोठा पावसाळा सोसणाऱ्या गाडीला ते अधिक सोयीचे. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. परंतु त्याआधी पृष्ठभाग निर्दोष करावा लागतो आणि लावताना राहिलेली चूक वाळल्यावर सहज निघत नाही. ते जाणकाराकडूनच करून घेणे इष्ट.

बाटलीवर ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘पॉलिश अँड वॅक्स’ असे लिहिले असेल, तर त्यात बहुधा घासणारे कण किंवा मळ काढणारी रसायने असतात, हे ध्यानी असावे. नव्या गाडीसाठी साधे मेण वा सीलंट पुरेसे आहे.

घरी काम करताना

चरे पडतात ते मुख्यतः पुसण्याच्या पद्धतीमुळे. रोज सकाळी एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने अनेक गाड्या पुसल्या जातात. फडक्यातील धूळच मग सँडपेपरचे काम करते. कोरड्या धुळीवर फडके कधीही फिरवू नये. प्रथम पाण्याने धूळ वाहू द्यावी. साबणाच्या पाण्याची एक आणि फडके खळबळण्यासाठी दुसरी, अशा दोन बादल्या ठेवाव्यात. कपड्यांचा किंवा भांड्यांचा साबण आधी लावलेले मेण कमी करतो, म्हणून मोटारींसाठीचा सौम्य शाम्पू वापरावा. रॉकेल वा डिझेलचा हात फिरवून आणलेली चमक तात्पुरती असते; त्या तेलकटपणावर धूळ अधिकच चिकटते.

काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने मेणाचा अगदी पातळ थर द्यावा. एका वेळी एकच भाग घ्यावा आणि बाटलीवरील सूचनेइतके थांबून दुसऱ्या फडक्याने तो पुसावा. थर जाड दिल्याने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मेण लागू देऊ नये. तेथे पांढरे डाग राहतात.

मेण लावले म्हणून निश्चिंत होऊ नये. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात ती रंगात खोल ठसा उमटवते. ती दिसताच भिजवून, न घासता उचलावी. मेणामुळे एवढेच साधते, की हा हल्ला आधी त्या थरावर होतो आणि आपल्याला थोडा अवधी मिळतो. पाण्याचे टपोरे थेंब बॉनेटवर उभे राहण्याऐवजी पाणी पसरू लागले, की मेणाची पुढली खेप जवळ आली असे समजावे.

वाहन ही दरवर्षी मूल्य घटत जाणारी मालमत्ता आहे. ती घट थांबवणे कोणाच्याही हाती नसले, तरी तिचा वेग काही अंशी आपल्या हाती असतो. विक्रीच्या वेळी ग्राहकाची पहिली नजर रंगावरच जाते आणि मूळ रंग शाबूत असलेल्या गाडीबद्दल त्याच्या मनात कमी शंका येतात. म्हणून मेण नियमाने लावावे, पॉलिश गरजेपुरतेच करावे आणि कंपाउंड शक्यतो टाळावे. ठेव राखून खर्च करण्याची जी शिस्त आपण पासबुकाबाबत पाळतो, तीच रंगाच्या बाबतीतही हिताची आहे.