ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबासाठी फिरती सौर वीज

दसरा उलटला की बालाघाटाच्या रांगांतील गावे रिकामी होऊ लागतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार, लोहा व मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर व जळकोट या तालुक्यांतील अनेक कोरडवाहू कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तर कोणी बैलगाडीत संसार भरतात. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण, कोयते आणि लहान मुले यांसह सुरू होणारा हा प्रवास पाच-सहा महिन्यांचा असतो. या काळात कुटुंबाचे घर म्हणजे फडाजवळ उभारलेली पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. फड संपला की कोपीही हलते. घरची वीज गावात राहते, आणि नव्या मुक्कामी ती मिळेलच अशी खात्री नसते.

अंधाराची ही अडचण केवळ गैरसोयीची नाही. मण्यारीसारखा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करतो. पुष्कळदा त्या दंशाची वेदनाही जाणवत नाही. वाळलेल्या पाचटाच्या कोपीत चिमणी कलंडली, तर आग विझविण्यास अवधी मिळत नाही. पहाटे उठून भाकरी करणाऱ्या स्त्रीस उजेड हवा असतो, शाळकरी मुलास संध्याकाळी वाचण्यासाठी तो हवा असतो, आणि आजारीपणात दवाखान्याशी किंवा मुकादमाशी संपर्क साधण्यास मोबाइल चालू असावा लागतो. या गरजा भागविण्याइतकी वीज सोबत नेता येईल असा लहान सौर संच जुळविणे कठीण नाही. मात्र तो हिशोबाने घेतला पाहिजे.

सौर संचाची रचना

सिलिकॉनपासून बनविलेल्या घटावर सूर्यप्रकाश पडला की त्यात विजेचा प्रवाह निर्माण होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली असा उपयुक्त घट प्रथम तयार केला. अशा अनेक घटांची मालिका काचेखाली बसविली की सौर पॅनेल होते.

शेतकऱ्यास ही रचना विहिरीवरून समजेल. पॅनेल ही मोट आहे, ती दिवसा वीज उपसते. बॅटरी हा हौद आहे, त्यात वीज साठते. या दोहोंमध्ये बसविलेला चार्ज कंट्रोलर हा दारे धरणारा माणूस आहे. हौद भरला की तो आवक थांबवितो आणि हौद तळाला जाऊ लागला की जावक बंद करतो. कंट्रोलर न लावता पॅनेल थेट बॅटरीस जोडल्यास पैसे वाचल्यासारखे वाटते, परंतु थोड्याच काळात बॅटरी निकामी होते.

प्रथम गरजेचा हिशोब

विजेचा वापर वॉट-तासांत मोजतात. दिव्याचे वॉट आणि तो जळण्याचे तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाची रोजची गरज पुढीलप्रमाणे धरता येईल :

(१) ५ वॉटचे दोन एलईडी दिवे, सायंकाळी अडीच तास व पहाटे दीड तास : ४० वॉट-तास
(२) दाराशी रात्रभर ठेवावयाचा १ वॉटचा दिवा, ८ तास : ८ वॉट-तास
(३) दोन मोबाइल, प्रत्येकी सुमारे १५ वॉट-तास : ३० वॉट-तास
एकूण : ७८ वॉट-तास

ऊसतोडीचा हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा असल्याने आकाश बहुधा निरभ्र असते. दिवसभराचे ऊन मिळून पूर्ण कडक उन्हाचे सुमारे ५ तास धरावेत. ४० वॉटचे पॅनेल कागदावर रोज २०० वॉट-तास वीज देईल. परंतु उष्णता, धूळ, तिरपे ऊन आणि बॅटरीत होणारी घट लक्षात घेता त्यांपैकी ६० टक्के, म्हणजे १२० वॉट-तासच हाती येतील असे समजावे. गरज भागून जे उरते, ते ढगाळ दिवसाची तूट भरून काढण्यास उपयोगी पडते.

बॅटरी दोन दिवस ऊन नसले तरी पुरेल इतकी असावी, म्हणजे तीतून १५६ वॉट-तास वीज वापरता आली पाहिजे. शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. तिची क्षमता ३१२ वॉट-तास असून निम्मी वीज बरोबर १५६ होते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्ट, १८ अँपिअर-तासांची पुरते. ती महाग असली तरी वजनाने निम्म्याहून हलकी असते व अधिक वर्षे टिकते. दर काही आठवड्यांनी मुक्काम हलविणाऱ्यास हे वजन महत्त्वाचे वाटेल.

फाल्गुनातील उकाड्यात पंख्याची इच्छा होणे साहजिक आहे. १२ वॉटचा बॅटरीवरील पंखा ६ तास चालविल्यास ७२ वॉट-तास लागतात, म्हणजे रोजची गरज जवळजवळ दुप्पट होते. पंखा हवा असल्यास पॅनेल व बॅटरी दोन्ही दुप्पट घ्यावीत. दिव्यांच्या संचावर पंखा जोडल्यास मध्यरात्री दिवाही जातो आणि पंखाही थांबतो.

जोडणी

१२ व्होल्टच्या पॅनेलसाठी १० अँपिअरचा कंट्रोलर पुरेसा आहे. तो आपल्या बॅटरीच्या प्रकारासाठी योग्य आहे व त्यावर त्या प्रकाराची निवड केली आहे, याची दुकानातच खात्री करून घ्यावी. कंट्रोलरला प्रथम बॅटरी, नंतर पॅनेल व शेवटी दिवे जोडावेत. सोडविताना उलट क्रम पाळावा. बॅटरीच्या धन टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. पाचटाच्या कोपीत ही लहानशी वस्तू सर्वांत मोलाची आहे, कारण वायर घासून दोन तारा एकमेकींस चिकटल्या की ठिणगी पडण्यापूर्वीच प्रवाह तुटण्याची शक्यता तीमुळे वाढते. फ्यूज उडाल्यास त्याजागी साधी तार गुंडाळू नये. दोन-चार फ्यूज डब्यात जादा ठेवावेत.

बॅटरी झाकणाच्या पेटीत ठेवून पेटीस हवेसाठी छिद्रे पाडावीत. ती चुलीपासून दूर, पाण्यापासून उंच आणि मुलांच्या हाताबाहेर असावी.

पॅनेल मांडण्याची रीत

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करावे. दोन फूट लांबीचे पॅनेल असल्यास उत्तरेकडील कड दक्षिणेकडील कडेपेक्षा सुमारे एक फूट उंच ठेवावी, म्हणजे हिवाळ्यातील खाली गेलेल्या सूर्यास ते समोर येते. खाली दगड किंवा लाकडी चौकट देऊन मागील बाजूस वारा खेळू द्यावा. तापलेले पॅनेल कमी वीज देते.

सावलीची विशेष काळजी घ्यावी. घट मालिकेत जोडलेले असल्याने एका घटावर पडलेली सावली साऱ्या पॅनेलची वीज रोखू शकते. बैलांसाठी रचलेले वाढे, दोरीवरील कपडे आणि शेजारचा उभा ऊस यांची सावली सकाळी, दुपारी व सायंकाळी कोठे पडते ते पहिल्याच दिवशी पाहून जागा ठरवावी. रस्त्याची धूळ व चिमणीची राख यांचा थर बसतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी पहाटे, काच थंड असताना, ओल्या मऊ फडक्याने पॅनेल पुसावे. घासणीने किंवा राखेने घासू नये.

प्रवासात

ट्रॉलीत किंवा गाडीत पॅनेल आडवे टाकून त्यावर ओझे रचू नये. गोधड्यांच्या घडीत गुंडाळून ते उभे ठेवावे. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर रबरी टोप्या किंवा चिकटपट्टी लावावी, नाहीतर कोयता वा विळा आडवा पडून ठिणगी उडण्याचा धोका असतो. सुटे टॉर्च मात्र हाताशी ठेवावेत आणि ट्रॉलीच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी लाल पट्टी अवश्य लावावी.

गावी परतल्यावर

पाडव्याच्या सुमारास कुटुंब परतले की संच अडगळीत टाकू नये. रिकामी पडून राहिलेली शिसे-आम्लाची बॅटरी पुन्हा नीट भरत नाही. घरी किंवा शेतातील आखाड्यावर संच चालू ठेवावा. निकामी झालेली बॅटरी फोडू नये, त्यातील शिसे विषारी असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्याकडे द्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी हे काम दसऱ्यापूर्वीच हाती घ्यावे. टोळी निघण्याआधी एका संध्याकाळी मुकादम व कुटुंबे यांना एकत्र करून प्रत्येकाच्या गरजेचा हिशोब मांडून द्यावा, संच प्रत्यक्ष जोडून दाखवावा, आणि टोळीतील एक-दोन तरुणांस, तसेच स्त्रियांस, फ्यूज बदलणे व जोडण्या तपासणे शिकवावे. मुंबईच्या आयआयटीने सौर अभ्यासदिव्यांच्या योजनेत दिवे जुळविणे व दुरुस्त करणे ही कामे स्थानिक लोकांनाच शिकविली होती. मुक्काम गावापासून शेकडो मैल दूर असता हे शिक्षण अधिकच गरजेचे ठरते. खरेदीची पावती व हमीपत्र घरी न ठेवता सोबत न्यावे.

आणि दिवा असला तरी रोज झोपण्यापूर्वी अंथरूण झटकून पाहावे. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात न्यावे. उजेड सावध करतो, सावधगिरी मात्र कुटुंबाने बाळगावयाची असते.