पोटगी थकली? लायसन्स शाबूत!

अमेरिकेत मुलांची पोटगी थकवली, तर वाहन परवाना निलंबित होऊ शकतो. 1996च्या संघीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याला तशी तरतूद ठेवावीच लागते. आपल्याकडे 1988च्या मोटार वाहन कायद्यात परवाना रोखण्याच्या कारणांत थकीत पोटगी नाही. म्हणजे लातूरला मुलं टाकून पुण्यात टेम्पो चालवणाऱ्याचं लायसन्स सुरक्षित. तो मात्र नाही!

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144नुसार (जुनं 125) कोर्ट वसुली वॉरंट काढतं. तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. आत जाऊन आला म्हणून बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989मध्येच बजावलं. पगारदार असेल तर पगारावर जप्तीही येते. पोटगीचा अर्ज नवऱ्याच्या गावीच करायला हवा असं नाही. पत्नी राहते तिथे, नांदेड किंवा लातूरच्या कोर्टातही चालतो.

खरी मेख मुदतीची. रक्कम देय झाल्यापासून वर्षभरात वसुलीचा अर्ज हवा. ‘देईल की पुढच्या महिन्यात’ म्हणत बसू नका. महिला व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन 15100.