टाका लहान की मोठा?

गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीलाच सापडला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, की घरात पहिली चर्चा होते ती टाक्यांची. ‘दुर्बिणीतून होईल का हो? चार दिवसांत घरी येता येईल.’ घरचा सारा भार जिच्यावर आहे, तिला असे वाटणे साहजिकच आहे.

हे ऑपरेशन साधे गर्भपिशवी काढण्याचे नसते. गर्भाशयाबरोबर आजूबाजूच्या पेशीजालाचा भाग, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथीही काढतात. एवढे किचकट काम दुर्बिणीतून करण्याची पद्धत पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी बसवली आणि २००७ साली २४८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ‘पुणे तंत्र’ या नावाने ती परदेशातही पोचली. मोठ्या चिरेचे दिवस आता सरले, असेच तेव्हा वाटू लागले होते.

पण २०१८ साली वेगळेच चित्र समोर आले. जगभरातील ३३ रुग्णालयांतील ६३१ स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी केली होती: एका गटाचे ऑपरेशन पोट उघडून, दुसऱ्याचे दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात शंभरातील ९९ जणी हयात होत्या, दुसऱ्यात सुमारे ९४. आजार उलटण्याचे प्रमाणही दुर्बिणीच्या गटातच जास्त होते. असे का व्हावे? गर्भाशय हलवण्यासाठी आत घालतात त्या उपकरणामुळे किंवा पोटात भरलेल्या वायूमुळे कर्करोगाच्या पेशी पसरत असाव्यात, असा संशय आहे. पुरावा मात्र पक्का नाही.

म्हणून आज पोट उघडून ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर मागासलेले आहेत, असे समजू नका.

गाठ दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, तर एक दिलासा आहे. ७०० स्त्रियांवरील अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. निवडक रुग्णांत साधे गर्भाशय काढले, तरी तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचे प्रमाण मोठ्या ऑपरेशनइतकेच, शंभरात दोन-तीन राहिले. लघवीच्या तक्रारीही कमी झाल्या. मोठ्या ऑपरेशननंतर लघवी अडणे किंवा नकळत होणे हा त्रास बायका लाजेपोटी सांगतच नाहीत.

तेव्हा सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: गाठ किती मोठी आहे? ग्रंथींत आजार शिरला आहे का? अंडाशय ठेवता येतील का? आणि तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत? हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल, तरी विचाराच.