मागच्या ॲक्सलचा आवाज काय सांगतो?



या तिमाहीच्या हिशेबात पिकअपच्या दुरुस्तीची एक ओळ आहे : ‘मागचा ॲक्सल, डाव्या चाकाचे बेअरिंग, सील व लाइनर’. हा पैसा आपण दिलेला आहे. तो कशावर व का खर्च झाला हे आपल्याला कळावे, आणि ज्या मंडळ्यांकडे अशी गाडी आहे त्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

आमची पिकअप नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव भागात फिरते. चांदसैली घाटातून धान्य व औषधे पाड्यांकडे जातात, आणि परतीच्या वाटेवर बहुधा कोणीतरी आजारी माणूस गाडीत असतो. आतल्या पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. तेथून पुढचा भरवसा या गाडीचा.

पावसाळा संपताना ताशी ४० किलोमीटरच्या पुढे मागून घरघर येऊ लागली. एका गॅरेजमध्ये गाडी न उघडताच सांगण्यात आले, “डिफरन्शियल गेला, पूर्ण बदला.” तो खर्च फार मोठा होता. म्हणून आमच्या चालकाने व मी आधी आवाजाचीच तपासणी केली.

आवाज केव्हा बदलतो?

नुसता आवाज ऐकून दोष कळत नाही. तो केव्हा वाढतो व केव्हा कमी होतो, यावरून कळतो.

१. डांबरी रस्ता सोडून दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यावर जाताच आवाज बदलला, तर बहुधा दोष टायरचा. मागचे टायर पुढे घालून पाहावेत. आवाजही पुढे गेला तर खात्री पटते.

२. रेस दिल्यावर एक आवाज आणि रेस सोडल्यावर वेगळा, शिट्टीसारखा बारीक सूर येत असेल, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्यावा.

३. गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘खट्ट’ वाजले, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस पाहावेत.

४. वेगाबरोबर घरघर वाढते, रेसने फारसा फरक पडत नाही, पण वळणावर ती कमी-जास्त होते, तर चाकाचे बेअरिंग. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. म्हणून उजवीकडे वळताना आवाज वाढला, तर संशय डाव्या चाकावर.

आमच्या गाडीचे लक्षण हे चौथे होते. उजव्या वळणावर घरघर वाढे, डाव्या वळणावर कमी होई.

हाताने तपासणी

गाडी सपाट व कडक जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि चाक फिरवण्यासाठी तो सोडावा लागतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावावेत. मग मागचा भाग उचलून ॲक्सलखाली दोन्हीकडे स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकेक चाक हळूहळू फिरवावे. दुसरा हात कमानपाट्यावर ठेवला, तर खराब बेअरिंगची खरखर हाताला जाणवते. मग चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. आमचे डावे चाक हलत होते. ड्रम काढला तेव्हा आत तेल दिसले.

घरघरीपेक्षा हे अधिक धोक्याचे होते. बेअरिंग ढिले झाले की शाफ्ट हलतो व ऑइल सील खराब होते. मग तेल ब्रेकच्या लाइनरवर येते, आणि भरलेली गाडी घाट उतरताना त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नाही.

डिफरन्शियलचे तेलही पाहिले. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ते हवे. आमचे कमी होते. चुंबक असलेल्या बुचावर राखाडी, बारीक लेप असणे साधारण आहे. धातूचे तुकडे किंवा कपच्या मिळाल्या, तर आतले दात किंवा बेअरिंग तुटत आहे असे समजावे. आमच्याकडे तसे काही मिळाले नाही, म्हणजे क्राऊन-पिनियन बदलण्याचे कारणच नव्हते.

दुरुस्ती

शाफ्ट काढून प्रेस असलेल्या कारखान्यात नेला. बेअरिंग व त्याची कॉलर शाफ्टवर घट्ट बसवलेली असते. ती हातोड्याने ठोकून बसवली, तर नवे बेअरिंगही लवकर जाते. बेअरिंग, कॉलर व सील तिन्ही नवे घातले. तेल प्यालेले लाइनर पुसून चालत नाहीत. मागच्या दोन्ही चाकांचे लाइनर बदलले. शेवटी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल भरले. घरघर थांबली.

क्राऊन-पिनियन खरोखरच गेले असते, तर दोन्ही जोडीनेच बदलावे लागते, आणि दातांमधील अंतर मापून शिम लावावे लागतात. ते काम माहीतगार मिस्त्रीचेच.

पुढची काळजी

पावसाळ्यात गाडी ओढ्यांतून जाते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि जुन्या सीलमधून किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. मग तेल दुधाळ होते व त्यातले वंगण संपते. म्हणून खोल पाण्यातून गेल्यावर तेल तपासायचे, आणि पावसाळा संपताच हवेची नळी साफ करून चाकांचा खेळ पाहायचा, असा नियम आम्ही केला आहे.

एक विनंती. आपल्या मंडळीत अनुभवी मिस्त्री असतील, तर पुढच्या पावसाळ्याआधी दोन दिवस आमच्याकडे यावे. पाड्यांवरील काही तरुणांना हे काम शिकायचे आहे. जॅक, स्टँड व शिकणारे हात तयार आहेत.