जन्मानंतरचे चोवीस तास

सकाळी ८.००
अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय, लोकांच्या तोंडचं डफरीन. रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घेताना मी आधी दोन गोष्टी विचारते. बाळ किती वाजता झालं? आईचा एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आहे का? हिपॅटायटिस बीचा पहिला डोस जन्मापासून चोवीस तासांच्या आत पडायला हवा, म्हणून जन्माची वेळ मिनिटापर्यंत लागते.

८.३०
आयएलआरचं, म्हणजे लसींच्या फ्रीजचं, तापमान लिहिते, २ ते ८ अंशांच्या मध्ये. वऱ्हाडात सगळ्यांना उन्हाची धास्ती. पण ही लस उन्हापेक्षा गोठण्याने लवकर वाया जाते. मग कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी खूण, पाहते. आतला चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच कुपी ट्रेमध्ये.

९.३०
वॉर्डात टोचणी सुरू. कुपी हलवली की लस दुधट, एकसारखी दिसते. ०.५ मिली भरते, बाळाच्या डाव्या मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला देते. जागा चोळायची नाही. बाळ रडतं, आई पदराखाली घेते, गप्प होतं. कार्डावर तारखेसोबत वेळही टाकते.

१०.३०
एक आजी नातवाला छातीशी धरून बसल्या आहेत. ‘‘एवढुश्या जिवाले काऊन टोचता बाई? पाचवी तं होऊ द्या.’’ त्यांच्याशेजारी बसते. सांगते, आईच्या रक्तात हा विषाणू असला तर बाळंतपणातच बाळाला लागतो. जन्मतः लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागला तर शंभरात पाचांच्याही आत. पुढे ऐन कर्तेपणात सिरोसिस किंवा यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. तेव्हा काविळीची माळ घालून काही होत नाही. आजी ऐकतात, दुपटं स्वतः सोडतात.

११.३०
तिसऱ्या दिवसाचं बाळ पिवळं दिसतंय. बाप चिडलाय : ‘‘काविळीची सुई देल्ली अन् पोराले कावीळच झाली!’’ ही समजूत वॉर्डातून गावात जाते आणि पुढच्या कित्येक बाळांची सुई अडवते. त्याला सांगते, दादा, या लसीत जिवंत विषाणू नसतोच. यीस्टमध्ये तयार केलेलं, विषाणूच्या आवरणातलं एक प्रथिन असतं. नवजात यकृत कोवळं, म्हणून बिलिरुबिन साठतं. तरी डॉक्टरांना दाखवतेच. पहिल्याच दिवशी आलेला किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा अंगावर काढायचा नाही.

१२.१५
एक आई पॉझिटिव्ह. तिच्या बाळाला लसीसोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, तेही शक्यतो बारा तासांच्या आत. ती हळूच विचारते, ‘‘पाजू का?’’ पाज, बिनधास्त पाज.

दुपारी १.००
गरोदर बायकांची ओपीडी. मला विचाराल तर खरं काम इथलं आहे. कळा येऊन गेल्यावर चोवीस तासांत घरातल्या चौघांची समजूत काढायला वेळ कुठून आणायचा? म्हणून सोबत आलेल्या सासूला पुढे बसवते. मेळघाटातल्या बाईला माहेरघरात, म्हणजे गरोदर बायकांच्या मुक्कामाच्या सोयीत, आधीच येऊन राहायला सांगते. घरी बाळंत झाली तर आशाताईंना त्याच दिवशी निरोप.

२००२-०३ मध्ये मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झालेली ही लस २०११ मध्ये देशभर पोचली. याउलट आफ्रिकेतल्या अनेक देशांत आजही पहिला डोस सहाव्या आठवड्याला, पेंटाव्हॅलेंट या एकत्रित लसीतून मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो की नव्या लागणींपैकी ६३ टक्के तिच्या आफ्रिका विभागात होतात, आणि तिथल्या जेमतेम १८ टक्के बाळांना जन्मडोस मिळतो. तिथेही कित्येक बाळंतपणं घरीच होतात. त्याच अहवालात भारतातले हिपॅटायटिस बीचे रुग्ण जवळपास तीन कोटी आहेत. लस दारात असूनही आपण गाफील राहणं परवडणारं नाही.

२.००
चार्ज देते. ज्यांचा डोस बाकी, त्यांची जन्मवेळ वहीत लाल पेनाने. घरात कुणाला नववा महिना लागला असेल, तर आजच आजीशी बोलून ठेवा, आणि सुट्टी घेताना कार्डावर या डोसची वेळ आहे ना, ते पाहा. नसेल तर आम्हाला विचारा. तो तुमच्या बाळाचा हक्क आहे.