मानेवरचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे

ठाकुर्लीच्या वस्तीत फिरताना आया लेकीला पुढे करतात आणि तिच्यादेखतच सांगतात, "ताई, बघा कशी सुटलीय. मान तर कितीही घासा, मळ जातच नाही." पोरगी बारा-तेरा वर्षांची, मान वजरीने घासून सोललेली.

तो मळ नाही. मानेमागे, काखेत, जांघेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते, तेव्हा बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन जास्त झालेलं असतं. वजन वाढलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग ते आणखी तयार होतं. त्या जादा इन्सुलिनने कातडीही जाड होते. पुढे मधुमेह होऊ शकतो, याचा हा इशारा. वजरी, लिंबू-सोडा, गोरं करणारी क्रीमं याने कातडीच बिघडते. काही क्रीमांत तर स्टेरॉइड असतं.

आपल्याला घाणेरडे म्हणणारे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर होतेच. तोच शब्द लेकीने आईच्या तोंडून ऐकायचा? 'ढोली', 'म्हैस', 'हिला कोण करणार' अशा टोमण्यांनी वजन उतरत नाही. मुलगी डबा तसाच परत आणते आणि संध्याकाळी भूक आवरेनाशी झाली की पाच-दहा रुपयांची पाकिटं चोरून खाते. लाजेने 14 एप्रिलच्या लेझीमला जात नाही, म्हणजे होता तो व्यायामही गेला. आणि लग्नाचं म्हणाल, तर 1942 च्या नागपूर महिला परिषदेत बाबासाहेबांनीच सांगितलं होतं, लग्नाची घाई करू नका.

पाळीच्या वयात मुली थोड्या भरतातच. वजन जास्त आहे का, हे वय आणि उंची पाहून ठरतं, शेजारणीच्या नजरेने नव्हे. मान काळी दिसली तर डोंबिवलीच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात दाखवा. उपाशीपोटी साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. जाड मुलीचं रक्तही कमी असू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय होता. पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तेही सांगा. खूप तहान, सारखी लघवी, अचानक वजन उतरणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वाढत्या मुलीला उपाशी ठेवू नका. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी पुष्कळ झालं. तिचं एकटीचं ताट वेगळं नको. चहातली साखर सगळ्यांचीच कमी करा, खारी-टोस्टऐवजी भाकरी, उसळ, अंडं द्या, पाकिटं भावासाठीही आणू नका. पाळी आली म्हणून घरात बसवू नका, विहाराच्या अंगणात रोज तासभर खेळू द्या. मान उजळायला काही महिने लागतील, तोवर वजरी पायांपुरतीच ठेवा.